इलेक्ट्रिक सायकल चढावर बंद पडते, ३६ काढून ४८ व्होल्टचा पॅक लावू का?

रामवाडी_सायकल

नमस्कार. माझ्याकडे पॅडल असिस्टची, म्हणजे पॅडल मारलं की मोटर मदत करते अशी, इलेक्ट्रिक सायकल आहे. मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. बॅटरी फ्रेमच्या तिरक्या नळीवर कुलपाने बसते, काढून घरात चार्ज करता येते. वॉरंटी कधीच संपली आहे.

नाशिकला राहते, मखमलाबाद नाक्याजवळ, ऑफिस कॅनडा कॉर्नरला. रोजचा रस्ता रामवाडी पूल, घारपुरे घाट, अशोकस्तंभ. अंतर काही फार नाही, पण नदी ओलांडली की अशोकस्तंभाकडे जो चढ लागतो तिथे सायकल मान टाकते. डिस्प्लेवर पाचपैकी तीन कांड्या दिसत असतात आणि अचानक सगळं काळं होतं. मागे सिटीलिंकची बस, शेजारी रिक्षा, आणि मी पंचवीस किलोची सायकल पायांनी ओढतेय. बाजूला घेऊन बटण बंद-चालू केलं की डिस्प्ले परत येतो आणि पुढे सपाटीवर काही त्रास नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. चार्जरचा दिवा पूर्वीपेक्षा बराच लवकर हिरवा होतो. आणि पूर्वी एका चार्जमध्ये आठवड्यातले तीन दिवस निघायचे, आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच धाकधूक.

दुकानात विचारलं तर नवीन पॅकची किंमत सायकलच्या जवळपास निम्मी सांगितली. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने सुचवलं की ४८ व्होल्टचा पॅक टाका, चढावर ताकद येईल, वेगही वाढेल, मोटरला वीज देणारा कंट्रोलर तोच चालतो. पॉलिटेक्निकला असलेला भाचाही तेच म्हणतो. मला ताकद हवीच आहे, कारण आई ओझरला असते आणि आता तिच्याकडे सारखं जावं लागतं. एका बाजूचं अंतर वीसेक किलोमीटर. बसची वाट बघण्यापेक्षा सायकलने जाता आलं तर फार बरं होईल.

पंक्चर, ब्रेक शू, चेन हे मी घरीच करते. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. तर ४८ करू का? आणि करायचं नसेल तर नेमकं काय तपासू?

वाइंडिंगवाले_सातपूर

ताई, ४८ चा विषय आधी बाजूला ठेवा. जी बॅटरी नवी असताना तुम्हाला तोच चढ चढवून नेत होती, ती आता नेत नाही. म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. ते काय, हे कळल्याशिवाय वरून व्होल्ट वाढवणं म्हणजे आजार न तपासता औषधाचा डोस वाढवणं.

मी सातपूरला मोटर वाइंडिंगमध्ये आयुष्य काढलं. आता घरच्या खोलीत ओळखीपाळखीच्या लोकांच्या इलेक्ट्रिक सायकली उघडतो. बहुतेक जण येतात ते मोटर गेली म्हणून, आणि मोटर क्वचितच गेलेली असते.

तुमच्या लिहिण्यात सगळ्यात कामाचं वाक्य आहे, 'सगळं काळं होतं'. मोटर थांबली पण डिस्प्ले चालू राहिला, तर कंट्रोलरने हात वर केले असं समजायचं. पॅकचा एकूण व्होल्टेज त्याच्या मर्यादेखाली गेला की तो मोटर सोडून देतो. ३६ च्या कंट्रोलरमध्ये ही मर्यादा साधारण ३१ च्या आसपास असते. पण डिस्प्लेसकट सगळं मेलं, तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटने, वीज तोडली. पॅकमध्ये सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात आणि बीएमएस प्रत्येक गटावर वेगळी नजर ठेवतो. नऊ गट धडधाकट असले आणि एकच गट चढावर कोसळला, तरी तो अख्खा पॅक बंद करतो. कांड्या मात्र एकूण व्होल्टेज पाहून पडतात, म्हणून त्या तीन दाखवत राहतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

काळं होण्याचं दुसरं कारण सैल कॉन्टॅक्ट. एक सांगा, सायकल गतिरोधकावर, खड्ड्यात आदळली की बंद पडते, की फक्त चढावर? आणि बॅटरी जिथे खाली बसते तिथल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्यात का, प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय का? तिथे ठिणग्या पडत असतील तर हेच लक्षण दिसतं आणि इलाज अगदी किरकोळ असतो.

आता मोजायचं काय ते सांगतो. मीटर डीसी व्होल्टच्या २०० च्या रेंजवर. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे दोनदा बघा. तशी असेल आणि तुम्ही बॅटरीला टेकवलीत तर तो थेट शॉर्ट आहे.

पहिलं, रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून तासाभराने पॅकचा व्होल्टेज घ्या. दहा गटांचा लिथियम-आयन पॅक भरलेला असेल तर ४२ च्या अगदी जवळ दिसायला हवा, कारण प्रत्येक गट ४.२. दुसरं, चार्जरची पिन मोकळी ठेवून चार्जरचा व्होल्टेज. तोही ४२. चार्जरच कमी देत असेल तर बॅटरी बिचारी काय करणार. तिसरं, एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर बॅटरीच्या आउटपुटला जोडून हँडलला बांधा आणि चढावर आकडा किती खाली येतो ते बघा. स्टँडवर चाक फिरवून हे कळत नाही, तिथे मोटरवर भारच नसतो. आणि ब्रेक दाबून भार द्यायला जाल तर ब्रेकच्या मुठीतला स्विच मोटर बंद करतो.

आकडे कागदावर लिहा आणि इथे टाका.

आडगाव_४८

काकांबद्दल आदर आहे, पण मी स्वतः ३६ च्या सायकलला ४८ चा पॅक लावलाय आणि वर्षाच्या वर झालं, मस्त चालतेय. आडगाव नाक्यावरून द्वारकेपर्यंत ट्रॅफिकच्या बरोबरीने जातो. चढ तर जाणवतच नाही. कंट्रोलर तोच आहे. उगाच घाबरवू नये असं वाटतं.

वाइंडिंगवाले_सातपूर

दादा, तुमची चालत असेल यात शंका नाही. एकदा कंट्रोलरचं झाकण उघडून आतल्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते वाचा. काही कंट्रोलर ३६ आणि ४८ दोन्हीसाठी बनवलेले असतात, त्यात ६३ व्होल्टचा कपॅसिटर असतो. तुमचा तसा असावा. पण बऱ्याच ३६ च्या कंट्रोलरमध्ये ५० व्होल्टचा असतो. ४८ चा पॅक म्हणजे तेरा गट, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. ५० च्या कपॅसिटरवर ५४.६ ठेवले तर तो काही दिवस सहन करेल किंवा पहिल्याच दिवशी फुगेल. दोन्ही पाहिलंय.

दुसरी गोष्ट. ३६ चा कंट्रोलर ३१ ला बंद होतो. तेरा गटांच्या पॅकमध्ये ३१ म्हणजे गटाला २.४ व्होल्टसुद्धा नाही. म्हणजे पॅक रिकामा होताना कंट्रोलर तुम्हाला वाचवणार नाही, सगळा भार एकट्या बीएमएसवर. तिसरं, गिअरवाल्या हबमध्ये आतले तीन छोटे गिअर बहुतेक वेळा नायलॉनचे असतात. जास्त ताकद, जास्त उष्णता, आणि ते दात सोडतात. चिमट्याच्या खाचेत बसलेल्या अ‍ॅक्सलवरही तेवढाच जास्त पीळ येतो.

चाळीसच्या वेगाने धावताना ब्रेक कोणते आहेत तुमचे? पंचवीससाठी दिलेल्या केबलच्या ब्रेकवर पावसाळ्यात द्वारका चौकात थांबायचं, हा विचार करून मला काळजी वाटते. मनापासून सांगतोय.

देवळाली_कॅम्प

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पॅडल असिस्टची सायकल 'मोटार वाहन' धरली जात नाही, त्यासाठी अटी आहेत: मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत मोटरची मदत कमी होत बंद झाली पाहिजे, पॅडल थांबवलं तरी बंद झाली पाहिजे. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक. म्हणून हिला नोंदणी, लायसन्स, विमा लागत नाही. ४८ लावून ती चाळीसने पळायला लागली की ती या व्याख्येत बसत नाही. पोलीस अडवोत न अडवोत, अपघातात समोरचा माणूस जखमी झाला तर विम्याशिवाय, नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवल्याचा प्रश्न तुमच्या अंगावर येतो. हे आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

रामवाडी_सायकल

सगळ्यांचे आभार. आकडे आणले आहेत.

खड्ड्यात, गतिरोधकावर कधीच बंद पडत नाही, फक्त चढावर. पट्ट्या स्वच्छ आहेत, वितळलेलं काही नाही. तरी खोडरबरने पुसून घेतल्या.

चार्जर मोकळा: ४२.१
रात्रभर चार्ज केल्यावर पॅक: ४१.४
सपाटीवर, असिस्ट दोनवर: ३९ च्या आसपास
घारपुरे घाटाच्या चढावर, पॅक भरलेला असताना: ३७.५, बंद पडली नाही
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच चढावर: ३३.८ दिसला आणि सगळं बंद

म्हणजे ३१ पर्यंत गेलीच नाही. काका, तुम्ही म्हणता तसा एकच गट कोसळतोय का? तो कुठला हे बॅटरी न उघडता कळेल का?

वाइंडिंगवाले_सातपूर

फार नीट मोजलंत. ३३.८ ला पॅक तुटतो म्हणजे कंट्रोलरचा संबंध नाही. ३३.८ भागिले दहा, सरासरी गट ३.३८ वर आहे आणि तरी बीएमएसने तोडलं, तर कुणीतरी एकटा पार खाली गेलाय. भरल्यावर ४२ ऐवजी ४१.४ दिसतोय, तेही त्याच दिशेने बोट दाखवतं. बाकीचे नऊ भरून वर टेकतात, बीएमएस चार्जिंग थांबवतो, दिवा हिरवा होतो आणि तो एक गट अर्धपोटी राहतो. तुमचा 'लवकर हिरवा होणारा दिवा' हाच.

कुठला ते कळायला पॅकचं बाहेरचं आवरण उघडावं लागेल. सेलच्या वेल्डिंगला हात लावायचा नाही, फक्त बीएमएसवरच्या पांढऱ्या कनेक्टरपर्यंत पोचायचं. दहा गटांना अकरा बारीक वायरी असतात. लागोपाठच्या दोन वायरींमध्ये मोजत गेलं की एकेका गटाचा व्होल्टेज मिळतो.

हे करताना ऐका. लाकडी टेबल, वर कोरडं सुती कापड. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. गळ्यात लांब मंगळसूत्र असेल तर तेही. खाली वाकलं की ते बरोबर नको तिथे जातं. मीटरच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळून फक्त अणकुची उघडी ठेवा, म्हणजे शेजारच्या पिनेला चुकून टेकणार नाही. स्क्रू पसरून ठेवू नका, वाटीत टाका. पॅक भरलेला असताना लहान मुलं खोलीत नकोत. आणि उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, किंवा एखादा सेल ओला, फुगलेला दिसला, तर तिथेच थांबा. पॅक गच्चीत मोकळ्या जागी, सावलीत ठेवा आणि मग पुढचं बोलू.

एकदा भरलेल्या अवस्थेत मोजा, एकदा संध्याकाळी सायकल बंद पडल्यावर. दोन्ही वेळचे आकडे मला हवेत, कारण त्यांच्या फरकातच उत्तर आहे. गटातल्या तीन सेलपैकी एकाचं वेल्डिंग सुटलं असेल तर त्या गटाची टाकी लहान झालेली असते. तो भरतानाही सगळ्यांच्या आधी वर जातो आणि रिकामा होतानाही सगळ्यांच्या आधी खाली जातो. पण गट दोन्ही वेळा खालीच असेल, तर त्याची वीज कुठेतरी झिरपते आहे. सेलच्या आत, किंवा बाहेर.

त्र्यंबकरोड_पावसाळी

मध्येच बोलतो, पण 'बाहेर' या शब्दावरून राहवलं नाही. मी पिंपळगाव बहुल्याकडून सातपूरला रोज सायकलने येतो, पावसाळ्यातही. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस शहरापेक्षा वेगळाच असतो. ताई, तुमची सायकल कधी प्रेशर वॉशरने धुतली आहे का? किंवा बॅटरी लावलेली असताना पावसात उघड्यावर राहते का?

लोकांना वाटतं पाणी वरून आत जातं. बरंच पाणी वायरीच्या अंगावरून ओघळत आत शिरतं. मोटरची वायर अ‍ॅक्सलमध्ये शिरण्याआधी खाली एक झोल देऊन बांधा, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो. कंट्रोलरच्या डब्यालाही हेच. आणि डबा चारही बाजूंनी सिलिकॉनने बुजवू नका, तळाला एक बारीक भोक ठेवा. आतली वाफ रात्री गार होऊन पाणी होतं आणि बाहेर पडायला वाट नसली की तिथेच साचतं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, कोणतंही ग्रीस नव्हे, चेनचं तर अजिबात नको.

धुवायची तर बादली आणि फडकं. मोटरच्या हबवर, पॅडलजवळच्या सेन्सरवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. पॅडल मारूनही मोटर उशिरा किंवा धक्क्याने मदत द्यायला लागली तर आधी त्या सेन्सरची चुंबकाची चकती बघा. चिखल आणि लोखंडाचा कीस तिला चिकटून बसतो.

रामवाडी_सायकल

सायकल अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये असते, पण पत्र्याला एका बाजूने गळती आहे. मागच्या पावसाळ्यात बॅटरी कित्येकदा सायकललाच असायची.

आकडे. भरल्यावर: सगळे गट ४.१७ ते ४.१८, सहावा ३.८१.
बंद पडल्यावर, थोडा वेळ थांबून: बाकीचे ३.५८ ते ३.६०, सहावा ३.१२.

दोन्ही वेळा सहावाच खाली. वास नाही, सेल फुगलेले नाहीत. पण बीएमएसच्या कडेला, जिथे त्या बारीक वायरी येतात, तिथे हिरवट-पांढरी पूड दिसते. फोटोत नीट येत नाही.

वाइंडिंगवाले_सातपूर

ताई, मला बरं वाटलं हे वाचून. ती हिरवट पूड म्हणजे तांब्याला पाणी लागल्याची खूण. आता दोन शक्यता राहिल्या. सहाव्या गटातला एखादा सेल आतून झिजलाय, किंवा सेल ठीक आहेत आणि बीएमएसच त्या गटातून सतत वीज पितोय. बीएमएसवर प्रत्येक गटासाठी एक बारीक रेझिस्टर असतो, गट जास्त भरला तर थोडी वीज जाळून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला. त्याचा ट्रान्झिस्टर पाण्याने बिघडून चालूच राहिला, किंवा गंजाने रस्ता तयार झाला, तर तो गट दिवसरात्र रिकामा होत राहतो.

या दोन्हींत फरक करायची सोपी चाचणी आहे. सहाव्या गटाला एकट्याला ४.१७ पर्यंत चार्ज करायचं. हे मात्र घरी जुगाड करून करू नका. ज्याच्याकडे व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधून देणारा बेंच पॉवर सप्लाय आहे त्याच्याकडून, ४.१७ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरवर, समोर बसून करून घ्या. मोबाईलचा चार्जर लावायचा नाही, तो ५ व्होल्टचा असतो. त्यानंतर अकरा वायरींचा कनेक्टर बीएमएसमधून काढून ठेवा आणि पॅक आठवडाभर तसाच ठेवा. पॅक वापरायचा नाही, चार्ज करायचा नाही. रोज एकदा सहावा गट मोजा. बीएमएस सुटलेला असतानाही व्होल्टेज पडत गेला तर दोष सेलचा. टिकला तर दोष बीएमएसचा.

सेलचा दोष निघाला तर एक ऐका: एकाच गटात नवे सेल बसवून जुन्या नऊ गटांबरोबर पळवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. काही महिन्यांत पुन्हा तोल जातो. आणि भंगारातल्या लॅपटॉपचे सेल कुणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. कुठले, किती वापरलेले, काहीच माहीत नसतं. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगी सगळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर सरकारने स्कूटरच्या बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, पण घरी जोडलेल्या पॅकची चाचणी करायला कुणी येत नाही. ती आपणच करायची.

आडगाव_४८

काका, कंट्रोलर उघडला. कपॅसिटरवर ६३ लिहिलंय. तरी तुमचं ब्रेकचं बोलणं डोक्यात राहिलं. मागे केबलचा डिस्क आहे, पुढे साधे रबरी शू. वेग पंचवीसवर लॉक करायची सेटिंग डिस्प्लेमध्ये सापडली, ती सध्या चालू केली आहे. ४८ वर पंचवीसनेही चढ छान चढतेय.

वाइंडिंगवाले_सातपूर

छान केलंत दादा. चार्जर मात्र ५४.६ चाच वापरताय ना, पिन सारखी दिसते म्हणून घरातला दुसरा कुणी लावणार नाही ना, एवढं बघा. चार्जरवर ठळक अक्षरात लिहून चिकटवा. अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सल फिरू न देणाऱ्या पट्ट्या, बसवून घ्या. पंक्चर काढताना नट सोडला की परत बसवताना वॉशरचा दात चिमट्याच्या खाचेत बसलाय का, हे बोटाने चाचपून मग आवळायचा. अ‍ॅक्सल फिरला तर मोटरची वायर पिळून तुटते.

रामवाडी_सायकल

उशीर झाला कळवायला. एमजी रोडच्या मागे एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणारे आहेत, त्यांच्याकडे बेंच सप्लाय होता. त्यांनी समोर बसवून सहावा गट भरून दिला. कनेक्टर काढून ठेवला. आठवड्याने सहावा ४.१६, बाकीचे ४.१७.

सेल ठीक आहेत!

त्यांनी बीएमएस बदलून दिला. पॅकच्या मानाने खर्च अगदी थोडा. बसवण्याआधी त्यांनी अकरा वायरींचा क्रम मोजून घेतला, कारण नव्या बीएमएसचा कनेक्टर तोच बसत असला तरी क्रम उलटा असू शकतो म्हणाले. काल आणि आज अशोकस्तंभाचा चढ असिस्ट तीनवर चढले. व्होल्टमीटर ३७ च्या खाली आला नाही.

आता ओझरचं विचारते. याच पॅकवर जमेल का, की मोठा पॅक घेऊ? ४८ चा विचार सोडला.

वाइंडिंगवाले_सातपूर

वायरींचा क्रम मोजणारा माणूस मिळाला, त्याला धरून ठेवा. असे कमी आहेत.

ओझरचा हिशेब करू. ३६ गुणिले ७.८ म्हणजे २८० वॅट-अवर, नवा असताना. आता पॅक जुना आहे, २२० धरा. हलकं पॅडल मारत, असिस्ट मधल्या पायरीवर ठेवलीत तर किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर लागतात. वीस किलोमीटरला २०० ते २४०. म्हणजे जाता जाता पॅक तळाला लागेल आणि हायवेवर उलटं वारं असेल तर दहाव्या मैलालाच. म्हणून पायांनी थोडा जास्त हात द्या, असिस्ट एकवर ठेवा, मग किलोमीटरचा खर्च सात-आठ वॅट-अवरवर येईल आणि निवांत पोचाल. चार्जर पिशवीत घेऊन जा. दोन अँपिअरचा चार्जर साडेचार तासांत भरतो, तेवढा वेळ आईजवळ बसणं होईलच. पोचल्या पोचल्या लावू नका, पॅक गरम असतो. अर्धा तास सावलीत ठेवा. मे महिन्यात तर नक्कीच, ४५ अंशांच्या वर गेलेला सेल चार्ज करणं त्याला फार लागतं.

हे फुकटचे किलोमीटर आधी मिळवा. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा दाब बघून पंपाने तेवढी हवा भरा, अंगठ्याने दाबून कळत नाही. दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेक शू घासत असेल तर आवाज येईल. मागच्या चाकाच्या तारा ढिल्या आहेत का बघा, मोटरच्या वजनाने त्या बाकी सायकलींपेक्षा लवकर ढिल्या होतात. आउट काढून घ्या. चेन पुसून तेल द्या.

एवढं करूनही महिन्यातून चार-पाच वेळा जायचंच असेल, तर पुढे कधीतरी ३६ व्होल्टचाच, पण १४ अँपिअर-अवरचा पॅक बघा. जुन्याला समांतर जोडायचा नाही. दोन पॅकच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की एक दुसऱ्यात धो धो वीज ओततो. एक संपला की काढून दुसरा लावायचा, किंवा मध्ये चेंजओव्हर स्विच. घेताना तिथेच गट मोजून मागा. दोन गटांमध्ये ०.०२ पेक्षा जास्त फरक असलेला नवा पॅक मी घेत नाही. आणि रसायन विचारा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा पॅक असेल तर बारा गट असतात, त्याला ४३.८ चा चार्जर लागतो, तुमचा ४२ चा चालणार नाही.

त्र्यंबकरोड_पावसाळी

आणि ताई, जून यायच्या आत तेवढा पत्रा बघून घ्या सोसायटीकडून. तोपर्यंत बॅटरी रोज घरात. दाराच्या वाटेत नको, पलंगाखाली नको, फरशीवर मोकळ्या जागी.

रामवाडी_सायकल

पत्र्याचं पत्र आज सोसायटीच्या सेक्रेटरींना दिलं. रविवारी ओझरला निघते, असिस्ट एकवर. चढाउतारावरचे आकडे लिहून आणते.